सुईण, सटवाई व सूतिकागृह

मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांत जन्माच्या नोंदी विपुल आहेत. शकावल्या, करीने, वंशावळी, टिपणवह्या आणि जन्मपत्रिका यांत तिथि, वार, नक्षत्र, घटी व पळें इतक्या बारकाईनें जन्मकाल लिहून ठेविलेला सांपडतो. लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालीं प्रकाशांत आणिलेल्या जेधे शकावलींतील शके १५५१ च्या फाल्गुन वद्य तृतीयेची नोंद संशोधकांस मुखोद्गत असेल. शिवछत्रपतींच्या जन्मतिथीचा प्रश्न त्या एका नोंदीनें नव्यानें उभा केला. परंतु शिवनेरीवरील ज्या खोलींत हा जन्म झाला तिच्याविषयीं, तेथें जागत बसलेल्या बायकांविषयीं, ती नोंद एक अक्षरही बोलत नाहीं. याचा दोष शकावलीकारास देणें योग्य होणार नाहीं, कारण त्याचें काम कालगणनेचें होतें. आम्हांस एवढेंच दाखवावयाचें आहे कीं, आमच्या पूर्वजांपैकीं बहुतेक सर्व ज्या खोलींत जन्मले, त्या खोलीचा इतिहास अद्याप लिहिला जावयाचा आहे, व त्याचीं साधनें आपण समजतों तितकीं दुर्मिळ नाहींत.

प्रथम या जन्मपत्रिकेचाच विचार करूं. पळ म्हणजे अवघे २४ सेकंद. इतका सूक्ष्म काल टिपणारा ज्योतिषी घटिकापात्र घेऊन खोलीच्या बाहेर बसे, कारण पुरुषास आंत प्रवेश नसे. बाळ भूमीवर आलें तो क्षण कोणता, हें त्यास आंतूनच कोणी तरी सांगावें लागे. म्हणजे ज्या पत्रिकेवर पुढें विवाह जुळले व मुहूर्त ठरले, तिचा मूळ आधार खोलींतील एका बाईचा शब्द होता. पत्रिकेवर नांव ज्योतिष्याचें राहिलें आणि सुईण अनामिक राहिली. साधनांची छाननी करतांना पहिला साक्षीदार कोण, हें आपण नेहमीं विचारतों. तोच प्रश्न येथें विचारला म्हणजे उत्तर सुईणीपाशीं येऊन थांबतें.

या खोलीवर राज्याचें भवितव्य अवलंबून राहिल्याचेंही उदाहरण आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हां त्यांची पत्नी गंगाबाई गरोदर होती. सखारामबापू, नाना फडणीस प्रभृति बारभाईंनीं तिला पुरंदर किल्ल्यावर नेऊन ठेविलें, आणि १८ एप्रिल १७७४ रोजीं तेथें सवाई माधवरावांचा जन्म झाला. अवघ्या चाळीस दिवसांच्या त्या बाळास पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं. मुलगी झाल्यास बदल करतां यावा म्हणून दुसऱ्या गरोदर स्त्रियाही गडावर नेल्या होत्या, ही त्या वेळची कंडी ग्रँट डफनें १८२६ त प्रसिद्ध केलेल्या आपल्या इतिहासांत नमूद केली आहे. या कंडींत तथ्य किती हा निराळा प्रश्न. आम्हांस तींत एवढें दिसतें कीं, दरबारचे मुत्सद्दी, राघोबादादांचा पक्ष व इंग्रज या सर्वांचे डाव त्या काळीं एका बंद दाराशीं येऊन थांबले होते, आणि दाराच्या आंत मात्र सत्ता कांहीं बायकांची होती. पतीच्या खुनास आठ महिनेही लोटले नव्हते अशा स्थितींत गंगाबाईनें तें बाळंतपण पार पाडलें, ही गोष्ट वसईच्या वेढ्याइतकीच धैर्याची म्हणावयास हरकत नाहीं.

आतां या खोलीच्या विद्येकडे वळूं. घरच्या बाळंतपणांत श्रद्धा, जाण व उपचार अशीं तीन अंगें होतीं. श्रद्धेंत मंत्र, यंत्र, देवता व व्रतें येतात. उपचारांत तेल, शेक, धुरी, काढे व नाळेचें बंधन. आणि जाण म्हणजे कळा कोणत्या जातीच्या आहेत, आतां बाईस बसवावें कीं चालवावें, आतां थांबावें कीं धीर देऊन जोर करावयास सांगावें, हें पोथी न पाहतां कळणें. हीं तीनही अंगें एकाच खोलींत, बहुधा एकाच हातांत असल्यामुळें पुढील काळांत त्यांचा सरसकट निवाडा करण्याची रीति पडली. एका पक्षानें सर्वच अडाणीपणा ठरविला व दुसऱ्यानें सर्वच प्राचीन शहाणपण म्हणून डोक्यावर घेतलें. आमच्या मतें दोन्ही निवाडे साधनांशीं जुळत नाहींत.

चरकसंहितेच्या शारीरस्थानांतील आठवा अध्याय व सुश्रुतसंहितेच्या त्याच स्थानांतील दहावा अध्याय हे या विषयाचे मुख्य ग्रंथाधार होत. सुश्रुतानें सूतिकागार आठ हात लांब व चार हात रुंद, पूर्वेस किंवा दक्षिणेस दार असलेलें सांगितलें आहे. तेथें सेवेस चार स्त्रिया असाव्या. त्या वयानें प्रौढ, बाळंतपणांत कुशल व नखें काढलेल्या असाव्या असा त्याचा दंडक आहे. नखांविषयींची ही अट सहज वाचून जाण्यासारखी आहे, तरी तिचें मोल मोठें. युरोपांत व्हिएन्ना येथील प्रसूतिगृहांत वैद्यांच्या अस्वच्छ हातांनींच बाळंतिणींस ज्वर जडतो, हें सेमेलवाइसनें ओळखून हात धुण्याची सक्ति केली ती १८४७ सालीं. सुश्रुतास जंतूंचें ज्ञान होतें असें यावरून म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. परंतु हातानें अपाय होऊं शकतो हा अनुभव त्याच्या परंपरेस होता, इतकें निश्चित.

चरकानें परिचारिकांचे जे गुण दिले आहेत ते अधिकच बोलके आहेत. त्या अनेकदां प्रसवलेल्या, स्वभावतः वत्सल, क्लेश सोसणाऱ्या, विषाद टाकलेल्या व प्रतिपत्तिकुशल असाव्या, असें तो सांगतो. प्रतिपत्ति म्हणजे समयीं काय करावें याची तत्काळ होणारी उमज. वर आम्ही जिला जाण म्हटलें तिचें शास्त्रीय नांव हेंच. ती ग्रंथानें येत नाहीं, स्वतःच्या व परक्यांच्या बाळंतपणांनीं येते, म्हणूनच चरकानें वैद्यापेक्षां अनुभवी स्त्रियांस येथें पुढें बसविलें. कळा आल्यावांचून जोर करूं नये, तसें केल्यास श्रम व्यर्थ जाऊन मुलास विकृति येते, हा उपदेश त्यांनींच बाळंतिणीस करावयाचा आहे. प्रसव होत नसेल तर मुसळ घेऊन धान्य कांडावें, हें त्या काळचें एक मत देऊन आत्रेयांनीं तें साफ नाकारलें आहे. अशा वेळीं दारुण श्रम घातक असून जांभया देणें व फेऱ्या घालणें हितावह, असा त्यांचा निर्णय आहे. आणि याच प्रकरणांत पंचमहाभूतें, विष्णु व प्रजापति यांचें रक्षण मागणारा मंत्र एका स्त्रीनें बाळंतिणीच्या कानांत जपावा असेंही सांगितलें आहे. ग्रंथकारास या दोन गोष्टींत विरोध दिसला नाहीं. कळांचें निरीक्षण चालू ठेवून बाईचें मन स्थिर ठेवण्यास मंत्र होता. निरीक्षणाच्या जागीं मंत्र बसवावा असें ग्रंथ सांगत नाहीं.

पुढील काळांत मात्र मंत्रतंत्रांचा भाग वाढत गेला. इ. स. ९०० च्या सुमारास वृंदानें रचिलेल्या सिद्धयोगांत सुखप्रसवासाठीं नऊ घरांचें एक अंकयंत्र दिलें आहे. त्यांत २ पासून १८ पर्यंतचे समअंक असून आडवी, उभी व तिरपी बेरीज ३० येते. तें काढून अडलेल्या स्त्रीस दाखवावें, असा विधि. या वृंदमाधवाची छापील प्रत पुण्याच्या आनंदाश्रमानेंच काढलेली असल्यानें वाचकांस ती दुर्लभ नाहीं. भारतांत अनेक ठिकाणीं चक्रव्यूहाची आकृति थाळींत काढून, ती धुतलेलें पाणी बाळंतिणीस पाजण्याची रीतिही आढळते. आंत शिरण्याची वाट आहे पण बाहेर येण्याची सांपडत नाहीं, ही जी व्यूहाची कथा, तिचाच येथें प्रतिकार योजिला आहे हें उघड आहे.

यांपैकीं महाराष्ट्राच्या दृष्टीनें विशेष म्हणजे जंभलेचा मंत्र. गोदावरीच्या तीरीं राहणाऱ्या जंभला नांवाच्या राक्षसीचें स्मरण करतांच गर्भिणी विशल्या होते, असा त्याचा भाव आहे. येथील विशल्या हा शब्द शल्यतंत्रांतला आहे. अंगांत रुतलेला बाण जसा शल्य, तसाच अडलेला गर्भही शल्य, आणि तो काढणें हें सुश्रुतानें अत्यंत कठीण कर्म मानिलें आहे. म्हणजे मंत्रकर्त्यानें शस्त्रवैद्याचीच भाषा उचलली. तसेंच जंभला किंवा जृंभला या नांवांत जांभई देणें, विकसणें या अर्थाचा धातु दिसतो, आणि आत्रेयांनीं प्रसवकालीं सांगितलेलें जृंभणही तेंच. राक्षसीचें नांव त्या जुन्या उपचारावरून पडलें असावें, असा आमचा तर्क आहे. तो तर्क म्हणूनच घ्यावा. तरीही मंत्राच्या पोटांत कधीं कधीं जुना अनुभव दडून राहतो, हें लक्षांत ठेवण्यास तो पुरेसा आहे.

या बाबतींत सटवाईचें उदाहरण सर्वांत महत्त्वाचें आहे. षष्ठी, सटी, सटवी, सटवाई हा शब्दाचा प्रवास भाषाभ्यासकांस परिचित आहे. पांचव्या किंवा सहाव्या रात्रीं पाटावरवंटा मांडून तिची पूजा होते, दिवा रात्रभर तेवत ठेवितात, कोरा कागद व लेखणी ठेवितात, आणि त्या रात्रीं सटवाई येऊन बाळाच्या कपाळीं त्याचें दैव लिहिते अशी समजूत आहे. बाळंतिणीस व बाळास त्या रात्रीं एकटें टाकावयाचें नसतें. या जागरणाचें मूळ प्राचीन आहे. सूतिकागारांत अग्नि अखंड ठेवावा, दाराशीं वेखंड, कोष्ठ, हिंग, मोहरी यांची पुरचुंडी बांधावी, आणि मैत्रिणींनीं व परिचारिकांनीं दहा किंवा बारा दिवस बाळंतिणीसाठीं जागावें, असें चरकानेंच लिहिलें आहे.

पण पांचव्या-सहाव्या रात्रींचीच धास्ती कां? नाळेच्या जखमेंतून शिरणारा धनुर्वात बहुधा तिसऱ्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान प्रगट होतो, व पहिल्या आठवड्याच्या अखेरीस त्याचें भय फार असतें. नीट पिणारें मूल एकाएकीं स्तन धरीनासें होतें, जबडा मिटतो, अंग धनुष्यासारखें ताठतें, आणि दोन-चार दिवसांत तें जातें. बाळंतज्वरही पहिल्या आठवड्यांतच उद्भवतो. ज्या घरांनीं पिढ्यान् पिढ्या हें पाहिलें, त्यांनीं त्या रात्रीस देवतेचें नांव दिलें यांत नवल नाहीं. सटवाईच्या पूजेचें हेंच एकमेव मूळ असें आम्ही म्हणत नाहीं. तथापि श्रद्धेनें येथें संकटाची वेळ अचूक ओळखली होती व त्या वेळीं जागें राहावयास शिकविलें होतें, इतकें म्हणण्यास आधार आहे.

श्रद्धेनें वेळ ओळखली, परंतु कारण ओळखलें नाहीं, आणि येथेंच तिची मर्यादा दिसते. चरकानें नाळ सोनें, रुपें किंवा पोलाद यांच्या तीक्ष्ण शस्त्रानें कापावयास सांगितलें होतें. व्यवहारांत मात्र घरचा विळा, सुरी किंवा बांबूची चीप हाताशीं येई, आणि जखमेवर राख वा शेण लावण्याचीही चाल कित्येक ठिकाणीं होती. ज्या सटवाईचें भय घरानें बाळगलें, तिला वाट त्याच घरच्या विळ्यानें करून दिली होती. धनुर्वाताचा जंतु किटासाटो यानें वेगळा काढून दाखविला तो १८८९ सालीं. त्यापूर्वींच्या किती मातांनीं कपाळींचा लेख म्हणून हें दुःख गिळलें असेल, याची गणती कोणत्याही दप्तरांत होणें नाहीं.

सुईणीच्या जातीचा प्रश्नही येथें टाळतां येत नाहीं. महाराष्ट्रांत हें काम कोठें न्हाव्याची, कोठें कुणब्याची, तर पुष्कळ गांवीं मांगाची बाई करीत असे. जिची सावलीही एरवीं विटाळ मानिली, तिच्याच हातीं घराचा वंश पहिल्यानें पडे, आणि सोयर फिटतांच तीच बाई पुन्हां उंबऱ्याबाहेर जाई. वारकरी परंपरेंतील चोखोबांच्या घरची कथा या पार्श्वभूमीवर वाचावी. सोयराबाईचे दिवस भरले असतां चोखोबा घरीं नव्हते, तेव्हां पांडुरंगानें चोखोबांची बहीण निर्मळा हिचें रूप घेऊन तिचें बाळंतपण केलें, असें भाविक सांगतात. ज्यांस देवळाचें दार बंद होतें, त्यांच्या झोंपडींत देव सुईण होऊन आला, अशी ही कथा आहे. इतिहास म्हणून तिचें प्रमाण देतां येणार नाहीं. परंतु सुईणपणाचें काम देवानें करण्याजोगें आहे, असें मानणारा एक वर्ग या भूमींत होता, याचें ती बळकट प्रमाण आहे.

या सर्व परंपरेकडे डोळसपणें पाहण्याचा पहिला मान एका मराठी स्त्रीकडे जातो. १८६५ त जन्मलेल्या आनंदीबाई जोशी यांस वयाच्या चौदाव्या वर्षीं मुलगा झाला व तो दहाच दिवस जगला. वैद्यक शिकण्याचा त्यांचा निश्चय या दुःखांतून झाला हें सर्वश्रुत आहे. अमेरिकेंतील पेन्सिल्व्हेनिया येथील स्त्रियांच्या वैद्यक विद्यालयांत १८८६ सालीं पदवीसाठीं त्यांनीं जो प्रबंध सादर केला, त्याचा विषय आर्य हिंदूंतील प्रसूतिशास्त्र हाच होता. परदेशीं नवी विद्या शिकत असतांना त्या आपल्याच घरच्या बंद खोलीकडे वळल्या, ही गोष्ट आम्हांस त्यांच्या पदवीहून अधिक अर्थपूर्ण वाटते. जुन्या ग्रंथांत काय आहे हें नव्या ज्ञानाच्या उजेडांत तपासावें, ही दृष्टि त्यांत आहे. २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं पुण्यांत त्यांचा अंत झाला आणि तें काम तेथेंच राहिलें.

सुईणींस शिक्षण देण्याचे प्रयत्न त्याच सुमारास सुरू झाले. १८८५ चा डफरीन फंड व १९०३ चा व्हिक्टोरिया स्मारक फंड हे त्यांतले प्रमुख. मात्र त्यांतील शिकविणाऱ्यांची वृत्ति बहुधा सुईणीस केवळ दोषी ठरविण्याची होती. तिच्याकडून शिकावयाचें कांहीं आहे असें क्वचितच कोणास वाटलें. याच्या उलट मार्ग शतकानंतर विदर्भांत अवलंबिला गेला. गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनीं गांवांतल्याच स्त्रियांस शिकवून नवजात बालकांची घरोघर शुश्रूषा चालविली. सुईणींस त्यांनीं दूर लोटलें नाहीं. १९९९ त प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासांत ३९ गांवांत हा प्रयोग करून नवजातांचे मृत्यु ६२ टक्क्यांनीं घटल्याचें दाखविलें आहे. आणि २०१५ सालीं माता व नवजात यांच्या धनुर्वाताचें भारतांतून निर्मूलन झाल्याचें जागतिक आरोग्य संघटनेनें मान्य केलें. निर्मूलन याचा अर्थ प्रत्येक जिल्ह्यांत दर हजार जन्मांस एकाहून कमी असा लसी व स्वच्छ शस्त्र यांनीं आणिलेला आंकडा होय. सटवाईच्या रात्रीचें भय ज्या ज्ञानानें हटलें तें बाहेरून आलें, पण बाळापाशीं जागत बसण्याची जी संवय त्या ज्ञानास उपयोगीं पडली ती घरचीच होती.

यावरून आमचा निष्कर्ष असा. सूतिकागृहाच्या परंपरेंत सर्वांत खरी वस्तु म्हणजे प्रतिपत्ति. श्रद्धेनें तिला धीर दिला व जागें ठेविलें, तेव्हां दोघींनीं मिळून प्राण वांचविले. श्रद्धा जेथें तिच्या जागीं बसली, तेथें यंत्र दाखवीत बसण्यांत वेळ गेला व प्राणही गेले. इतिहासकारानें या दोन अवस्था वेगळ्या करून दाखविल्या पाहिजेत.

आतां संग्राहकांस एक विनंति. नेपाळांत मिळालेल्या एका खंडित ताडपत्री पोथीवरून १९३८ त काश्यपसंहिता छापून निघाली, तोंपर्यंत हा बालवैद्यकाचा ग्रंथ अन्य ग्रंथांतील उल्लेखांपुरताच ठाऊक होता. एका पोथीनें केवढा फरक पडतो याचें हें उदाहरण. आमच्याकडील दप्तरांत सुखप्रसवाच्या मंत्राचे सुटे कागद, अंकयंत्रांच्या चिठ्या, बाळंतकाढ्याच्या व धुरीच्या याद्या, बाळंतविड्याच्या खर्चाचीं टिपणें असे जिन्नस वारंवार येतात, व वेदांत किंवा राजकारण नसल्यामुळें बांधणीच्या वेळीं ते रद्दींत पडतात. ते तसे टाकूं नयेत. कागद कोणत्या गांवचा, कोणत्या घरचा, कोणत्या पोथीच्या पानांत सांपडला, याची नोंद करून ठेवावा. अक्षर कोणाचें, मागील बाजूस काय लिहिलें आहे, यंत्र पाण्यानें पुसल्याची खूण आहे काय, हेंही पाहावें, कारण धुवून पाजलेल्या यंत्राचा कागद हा वापराचाच पुरावा असतो. आणि ज्या गांवीं जुनी सुईण अद्याप हयात असेल तेथें तिचें बोलणें तिच्याच शब्दांत उतरून घ्यावें, व कागदाच्या शिरोभागीं तिच्या संमतीनें तिचें नांव घालावें. जन्मलेल्यांचीं नांवें शकावल्यांनीं राखलींच आहेत. ज्यांच्या हातीं ते जन्मले त्यांचीं नांवें राखणें हें आतां आपल्याकडे आहे.